एक सोडून सगळ्या सायकली

कोल्हापुरात बसम्माचं गाणं ऐकलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. ती जिथं गायली ते टॉकीज लहान होतं. आता तिथं साड्यांचं दुकान आहे. ऐकलं म्हणणाऱ्या सगळ्यांना बसवायचं ठरवलं तर खासबागेचं कुस्तीचं मैदान लागेल.

न ऐकलेला माणूस मला एकच भेटला. गुंडूमामा पोवार.

तालमीला लागून त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वर पत्रा, खाली फरशी, दारात पंक्चर तपासायला पाण्याचं घमेलं. मामांची पंच्याहत्तरी उलटली आहे. चेन हातात घेतली की ती कुठं अडखळते ते सांगतात, आणि माणूस दारात आला की तो कशावर चिडलाय तेही. माझ्या सायकलचं फ्रीव्हील गेलं म्हणून मी पहिल्यांदा तिथं गेलो. काय करतोस, त्यांनी विचारलं. मराठी घेऊन एम.ए. झालोय, मी म्हटलं.

"म्हंजे आता तुला मराठी बोलता येतंय," ते म्हणाले.

फ्रीव्हील अर्ध्या तासात बसलं. मी मात्र रोज जायला लागलो.

दुकानासमोर तालमीचा कट्टा. सकाळी तिथं पाचसहा म्हातारे बसतात. चहा येतो. बोलण्याला विषय लागत नाही, पण एक विषय फिरून फिरून येतो. कुणाकुणाचं गाणं समोर बसून ऐकायचं राहून गेलं. एकाला एका सनईवाल्याची चुटपुट लागलेली, दुसऱ्याला एका शाहिराची. मला हसायला यायचं. माझ्या पिढीचं राहून जात नाही. सगळं फोनमध्ये असतं.

बसम्मा फोनमध्ये नाही. तिची तबकडी निघाली नाही, टेप झाली नाही. एक फोटो होता म्हणतात. तो पाहिलेला माणूसही मला भेटला नाही.

मला कळलं ते इतकंच. ती हुपरीची. पैंजण घडवणाऱ्या घरातली. मठात कानडी वचनं शिकली, मग मिरजेला गाणं शिकली. तीनचार वर्षं निपाणी, संकेश्वर, इचलकरंजी अशा गावांत गायली. आज निपाणीत ऐकलं की उद्या संकेश्वरला लोक बैलगाड्या जुंपून तिच्या मागं जायचे. मग एका रविवारी सकाळी ती कोल्हापुरात गायली. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात. आणि त्यानंतर कुठंच गायली नाही.

का, ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. लग्न झालं. सासऱ्यानं बंद केलं. आवाज जावा म्हणून कुणी पानातून शेंदूर खायला घातला. ती आता या जगात नाही, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

त्या सकाळची सगळ्यात रंगतदार हकिकत हंबीररावांची. हंबीरराव म्हणजे मामांचे शाळेपासूनचे दोस्त. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज अजून ड्यूटीवर. ते सांगायला लागले की कट्टा गप्प व्हायचा. बाईंनी शेवटची तान घेतली, टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात, पत्रं हादरलं, आढ्याची कबुतरं उडाली.

मामा समोरून, सायकलच्या खालून म्हणायचे, "कबुतरं तू मधनंच उठलास तवा उडाली, हंबीर."

"मी कशाला उठतोय?"

"पोट बिघडलेलं माणूस दुसरं काय करतंय?"

कट्टा हसायचा. हंबीरराव म्हणायचे, तू गप बस, तू भाईर हुतास. ते खरं होतं. मामा बाहेर होते.

तेव्हा ते विशीत होते आणि त्याच टॉकीजच्या सायकल स्टँडवर कामाला होते. पत्र्याचे बिल्ले असायचे, जोडीजोडीनं. एक सायकलच्या हँडलला अडकवायचा, त्याचा जोडीदार मालकाच्या हातात द्यायचा. खेळ सुटला की बिल्ला बघून सायकल सोडायची. त्या सकाळी स्टँड काठोकाठ भरला. दारं लागली. मग काय झालं ते मामा कट्ट्यावर विनोदी किस्सा म्हणून सांगायचे. मीही तो दहाबारा वेळा ऐकून हसलो होतो.

किस्सा असा. भर दुपारी एकाएकी टॉकीजची दारं उघडली. लोक बाहेर आले आणि चालायला लागले. स्टँडकडं कुणी वळलंच नाही. मामांना वाटलं, चहाला चाललेत. त्यांनी हाका मारल्या. "ओ पावणं, सायकल!" एकानं वळून बघितलं, हात जोडले आणि तोही चालत गेला. रस्ता चालणाऱ्या माणसांनी भरून गेला आणि सायकली जागच्या जागी. पुढं तीनच्या सिनेमाला लोक आले, त्यांच्या सायकली लावायला इंचभर जागा नाही. मालकानं मामांनाच शिव्या घातल्या.

संध्याकाळपासून एकेकजण ओशाळं तोंड करून यायला लागला. काही दुसऱ्या दिवशी आले. कोडोलीचा एक दूधवाला होता. तो त्या उन्हातून कोडोलीपर्यंत चालत गेला होता. दिवेलागणीला दारात पोचला, बायकोनं विचारलं, सायकल कुठाय? तेव्हा त्याला आठवलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं न्यायला आला.

मामांनी काय केलं, तर प्रत्येकाला अडवलं. बिल्ला दाखव, आणि बाई काय गायली ते सांग, मग सायकल.

एकालाही सांगता आलं नाही. वकील होते एक, त्यांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला आणि म्हणाले, पुन्हा कधीतरी सांगीन. कोडोलीवाला म्हणाला, माझी म्हस व्यालीया. शिंपी होता पेठेतला, तो मामांच्या तोंडाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तू जेवलास का?"

"तिकिटं काढून आत गेलती बहाद्दरं," मामा म्हणायचे, "आणि काय ऐकलं म्हटल्यावर मलाच इचारत्यात, जेवलास का!"

इथं कट्टा हमखास हसायचा. हंबीररावसुद्धा.

डिसेंबरात एका सकाळी एक मुलगी कट्ट्यासमोर येऊन उभी राहिली. कॉलेजातली वाटत होती. पाठीला सॅक, ओढणी कानाभोवती गुंडाळलेली. नाव सौंदर्या. पेटी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानं तिला इकडं पाठवलं होतं. बसम्माचं गाणं ऐकलेलं इथं कोण आहे, तिनं विचारलं.

हंबीरराव सरळ होऊन बसले. त्यांनी सगळं सांगितलं. तान, पत्रं, कबुतरं. ती उभ्या उभ्या ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

"टाळ्या वाजल्या?"

"वाजल्या म्हंजे? हात लाल झालं की लोकांचं."

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेली दिसत होती. "टाळ्या सांगणारे तुम्ही तिसरे," ती म्हणाली. "अज्जी म्हणते, एकपण वाजली नाही."

"कोण अज्जी?"

"बसम्मा. माझी अज्जी."

मामा चाकाचे आरे घट्ट करत होते. त्यांचा हात थांबला. "कधी म्हणाली असं?"

"आज सकाळी. मी बसला निघाले तेव्हा."

चहाचा पोऱ्या कप गोळा करायला आला आणि तसाच परत गेला.

मग तिनं सांगितलं. तिला गायचं होतं. जानेवारीत कॉलेजचा महोत्सव होता. ती क्लासला जायची, पण तिला शिकायचं होतं ते अज्जीकडून. अज्जी शिकवत नव्हती. घरात कधी गुणगुणतसुद्धा नव्हती. फार मागं लागलं की एकच सांगायची. कोल्हापुरात मी गायले. एक टाळी वाजली नाही. लोक उठून पाठ फिरवून गेले. मला जे कळायचं ते कळलं. तुझ्या वाट्याला ते नको. हे सांगताना तिच्या आवाजात काही नसायचं. बाजारात मेथी मिळाली नाही, असं सांगावं तसं.

सौंदर्याचा यावर विश्वास बसत नव्हता. म्हणून ती विचारत फिरत होती. विचारलं की लोक टाळ्या सांगायचे, आणि सांगताना त्यांचे डोळे इकडं तिकडं जायचे. "खोटं बोलतात हे मला कळतं," ती म्हणाली. "म्हणजे अज्जीचंच खरं. तसं असेल तर मी पुन्हा तिला विचारणार नाही. बाबांना सांगून आलेय. आज काय ते ठरवणार."

हंबीरराव कपात बघत होते.

मामा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "अज्जीचं खरं हाय," ते म्हणाले. "एकबी टाळी वाजली न्हाय."

"तुला काय ठावं?" हंबीरराव म्हणाले. "तू तर भाईर हुतास."

"म्हणून तर ठावं."

त्यांनी तिला समजावून सांगितलं. स्टँडवाल्याला आतलं काही दिसत नाही. त्याला टाळ्या ऐकू येतात. नाटक असो, गाणं असो, शेवटच्या टाळ्या सुरू झाल्या की तो उठतो, दोरी सोडतो, बिल्ले बघायला उभा राहतो. दारं उघडायच्या आत. नाहीतर गर्दी अंगावर येते. टाळी हीच त्याची घंटा. त्या सकाळी ते कान लावून बसले होते. घंटा झालीच नाही. दारं उघडली तेव्हा ते भिंतीला टेकून भडंग खात होते.

दारं एकाएकी उघडली, असं ते किश्श्यात दरवेळी म्हणायचे. एकाएकी का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सौंदर्याचे डोळे भरले. ती वळायला लागली. मामा म्हणाले, "थांब बाई. फुडचं ऐक."

आणि त्यांनी सायकलींची गोष्ट सांगितली. शब्द तेच होते. पावणं, सायकल. हात जोडणारा माणूस. वकिलाचा रुमाल. कोडोलीचा दूधवाला. म्हैस. शिंपी. इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. कुणी हसलं नाही. हसायचं कुठं होतं तेच सापडेना.

"हे अज्जीला माहीत आहे?" सौंदर्यानं विचारलं.

"कोण सांगणार? आमी समजलो ती मेली."

मग त्यांनी साबणानं हात धुतले. कोपरापर्यंत. नखांतलं काळं काडीनं काढलं. आणि विचारलं, हुपरीची बस किती वाजता.

मला म्हणाले, तू चल. नीट मराठी बोलणारं कोणतरी पायजे.

आधी मामांच्या घरी गेलो. बाळाबाईमामींनी इस्त्रीचा सदरा काढून दिला. मामांनी टोपी शोधली, ती त्यांच्या डोक्यावरच होती. मामींनी ते बघितलं. "लग्नाला निघालाय का मयताला?" त्यांनी विचारलं.

"ठावं न्हाय," मामा म्हणाले.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. सौंदर्या पुढच्या सीटवर. उजळाईवाडी मागं पडल्यावर ते बोलायला लागले. माझ्याकडं न बघता. त्या दिवशी टॉकीजचा डोअरकीपर त्यांचा दोस्त होता. गाणं सुरू झाल्यावर तो बाहेर आला होता. त्याचा चेहरा कसातरीच झाला होता. म्हणाला, गुंड्या, पाच मिनटं आत येऊन भिताडाला उभा ऱ्हा, मी दार धरतो.

"मी म्हटलं, सायकली जातील."

बस ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागं अडकली. ते त्या ट्रॅक्टरकडं बघत होते.

"एकबी गेली न्हाय बघ. मालकच न्हेईनात, तर चोर काय न्हेतंय." ते हसले नाहीत. "रस्ताभर माणसं चाललेली. उन्हात. कुणाला टोपीची सुद न्हाय. आणि मी त्या सायकलींत उभा. तवा कळलं, मी काय सोडलं ते. मागनं तांग्याची घंटी वाजत गेली. तिचाच तांगा आसणार. मी वळून बघितलंबी न्हाय. मी सायकलीच बघत हुतो."

थोड्या वेळानं म्हणाले, "पन्नास वर्सं हसून सांगितलं. दुसरं काय करणार?"

हुपरीत गल्लीत शिरलं की कानाला बारीक आवाज लागतात. घराघरातून. हातोडीचे, चिमट्याचे, घुंगरांच्या राशीत हात घातल्याचे. सौंदर्याच्या घरी पुढच्या खोलीतच काम चालू होतं. तिचे वडील सोमेश पैंजणाचे सांधे डाग देऊन जोडत बसले होते. निळी ज्योत फुरफुरत होती. आमच्याकडं बघून त्यांनी मान हलवली, मग मुलीच्या चेहऱ्याकडं बघितलं.

उंबऱ्याशी, उजेडाला, एक लहानशी म्हातारी बसली होती. चष्मा दोऱ्यानं बांधलेला. कपाळावर भस्म. ती साखळीत एकेक घुंगरू अडकवत होती. मी तिला ओलांडून आत बघत होतो. बसम्मा कुठं आहे ते शोधत.

"कुंदर्री, बसा," म्हातारी म्हणाली. "पावणं कुठलं?"

"कोल्हापूरचे," सौंदर्या म्हणाली.

चिमटा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मामा बसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "अक्का," ते म्हणाले, "मी त्या टॉकीजचा सायकल स्टँडवाला."

"मग?"

त्यांनी सांगायला सुरुवात केली. कट्ट्यावर ते थांबत नसत. इथं पहिल्याच वाक्याला अडखळले. आधी दूधवाला सांगितला, मग दारं उघडल्याचं. म्हैस विसरले. माझ्याकडं बघितलं, मी मदत करावी म्हणून. मला एक शब्द सुचला नाही. म्हातारी मान खाली घालून घुंगरं ओवत होती. ते संपवून थांबले तरी तिनं वर बघितलं नाही.

"खोटं," ती म्हणाली. "पोरीनं आणलंय तुम्हाला. मला बरं वाटावं म्हणून."

"न्हाय अक्का."

"तो कार्यक्रम ठेवणारा आला होता मागनं. तीनदा आला. काय टाळ्या पडल्या बाई, म्हणाला. तुम्हाला ऐकू आल्या नसतील. मी काय बहिरी होते? तेव्हाच कळलं, हा मन राखतोय."

"टाळी वाजलीच न्हाय," मामा म्हणाले. "ते तुमचं खरंच हाय. मी वाट बघत हुतो टाळीची. न्हाय वाजली."

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं. चष्म्याआड डोळे मोठे दिसत होते. टाळी वाजली नाही असं म्हणणारा कोल्हापूरचा तो पहिलाच माणूस असावा.

"सायकली कशा लावल्या होत्या?" तिनं विचारलं.

मामांनी हातानं दाखवलं. हँडलला हँडल लावून. भिंतीपासून लिंबाच्या झाडापर्यंत. तिथं मावेनात तेव्हा पलीकडच्या अंगाला, सिनेमाच्या जाहिरातीचा कापडी पडदा बांधला होता त्याच्या खाली.

"लाल पडदा."

"व्हय. लाल."

तिनं साखळी मांडीवर ठेवली.

"मी बघितल्या त्या," ती म्हणाली.

मागच्या दारानं तांगा निघाला होता. पेटी पायाशी. ती खाली मान घालून बसली होती. वळणावर एकदा वर बघितलं. अंगणात स्टँडवाल्या पोरापलीकडं माणूस नाही आणि सायकलीच सायकली. तिला वाटलं, पुढच्या खेळाची गर्दी आली. गर्दी आत जाऊन बसलीसुद्धा. तिचं गाणं टाकून लोक निघून गेले आणि सिनेमाला एवढे आले. घरी येईपर्यंत तिच्या डोळ्यांसमोरून त्या सायकली हलल्या नाहीत. नंतरही कधी हलल्या नाहीत.

"फुडचा खेळ तीनला हुता, अक्का," मामा म्हणाले. त्यांचा आवाज पार बारीक झाला होता. "त्या सायकली तुमच्याच."

खोलीत ज्योतीचा फुरफुराट तेवढा चालू होता. तिनं उंबऱ्याबाहेर बघितलं.

"सगळ्या?" तिनं विचारलं.

"एक सोडून. तो मधनंच उठून गेलता. पोट बिघडलं हुतं त्याचं."

ती हसली. आवाज न करता, खांदे हलवत. चष्मा नाकावर घसरला. सोमेश मान वर करून बघत राहिले. आईला हसताना बघायची त्यांना सवय नसावी.

"तुम्ही काय ऐकलं?" तिनं मामांना विचारलं.

"काय न्हाय."

"एवढ्या जवळ होता."

"दार बंद हुतं."

तिनं चष्मा काढला. दोरा मानेवर गेला. सौंदर्याला ती कानडीत दोनच शब्द बोलली. सौंदर्या जागच्या जागी खाली बसली. नंतर तिनं मला सांगितलं, अज्जी म्हणाली होती, सूर दे.

सौंदर्यानं सूर दिला. तो कापत होता. म्हातारी थांबली. सूर ठरेपर्यंत थांबली. सोमेशनी हात लांब करून ज्योत बंद केली.

आणि बसम्मा गायली.

यापुढचं मला लिहिता यायला हवं. तेच तर शिकलोय मी. मी एवढंच लिहू शकतो की तिच्या मांडीवर घुंगरांची साखळी होती आणि ती एकदाही वाजली नाही. तिचा आवाज म्हातारा होता. वर जाताना तुटत होता. तुटला की ती थांबायची, आणि जिथं तुटला तिथं काय होतं ते मला ऐकू यायचं. शेजारच्या घरातली हातोडी केव्हातरी थांबली. मग तिच्या पलीकडची. मामा टोपी छातीशी धरून उभे होते. मला माझे हात कुठं आहेत ते कळत नव्हतं.

एक गोष्ट मी नीट बघितली. तिनं डोळे मिटले नव्हते. ती आमच्याकडं बघत गात होती. एकेकाच्या चेहऱ्याकडं.

संपलं. कुणी टाळी वाजवली नाही.

ती अजून बघत होती. मामांकडं, माझ्याकडं, मुलाकडं. दारात गल्लीतली माणसं कधी जमली ते कळलं नव्हतं. त्यांच्याकडं. कुणाचा हात हलला नव्हता. तिनं ते सगळं बघून घेतलं.

"तेव्हा मी डोळे मिटून गायले," ती म्हणाली. "उघडले तर पाठी दिसल्या. तोंडं बघायची राहिली."

तिनं चष्मा चढवला, साखळी उचलली. एक घुंगरू अडकवलं. मग सौंदर्याकडं न बघता म्हणाली, "सूर कापतो तुझा. उद्या पहाटे उठ."

सौंदर्यानं तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आम्ही निघालो. मामांनी वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला.

येताना बसमध्ये कंडक्टरनं दोनदा विचारलं तेव्हा मी कोल्हापूर म्हणालो.

कट्टा भरलेला होता. दुपारी तिथं कुणी नसतं. त्या दिवशी सगळे थांबले होते. हंबीरराव उठून पुढं आले. "भेटली?" त्यांनी विचारलं. मामांनी मान हलवली. "गायली?" मामांनी पुन्हा मान हलवली.

"काय गायली?"

मामांनी तोंड उघडलं. या कट्ट्यावर त्यांच्याइतकं रंगवून सांगणारा दुसरा कुणी नाही. सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हलले. त्यांनी टोपी घातली, काढली. मी मनात शब्द शोधत होतो, ते अडले तर आपण सांगू म्हणून. माझ्याकडंही काही नव्हतं.

"गुंड्या, काय गायली ते सांग की गा."

मामा हंबीररावांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"हंबीर," ते म्हणाले, "तू जेवलास का?"

कुणी हसलं नाही. हंबीरराव मागं सरून कट्ट्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या हातांकडं बघत, एवढ्या हळू की त्यांचा आवाज ओळखू आला नाही, म्हणाले,

"मी उठाय नको हुतं."